लाकडी मासा, घासायचं मशीन आणि खालचा मजला

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या ‘छंद-गप्पा’मध्ये सी विंगमधल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्या आधी एका काकांनी गच्चीवरच्या भाज्यांची माहिती दिली, ताईंनी पेटीवर भजन म्हटलं. त्यानंतर सूत्रसंचालकांनी माझा विषय वाचला, ‘परवडणारं सँडर मशीन कसं निवडावं’, आणि मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. हसा, हरकत नाही. या मशीनपायी मी तीन वेळा पैसे घालवले, एकदा बोट घालवता घालवता वाचलो आणि एका शेजाऱ्यांशी पंधरा वर्षांचे संबंध बिघडवत होतो. तुमच्यापैकी कुणाला मखर करायचं असेल, नातवंडांना खेळणी करायची असतील, दारावरची पाटी करायची असेल, तर हे मशीन आज ना उद्या तुमच्याही मनात येणार. तेव्हा माझ्या ठेचेवर तुम्ही शहाणे व्हा, एवढ्यासाठी उभा आहे.

आधी छंद सांगतो. मी गळाने मासे पकडतो आणि त्यासाठी लागणारे लाकडी मासे स्वतः करतो. इंग्रजीत त्याला लूअर म्हणतात. आपले कोळी बांधव गळाला कोळंबी लावतात. मी त्या जागी आठ-दहा सेंटिमीटरचा रंगवलेला लाकडी मासा लावतो. त्याच्या तोंडाखाली प्लॅस्टिकची छोटी पट्टी बसवलेली असते. दोरा ओढला की पाणी त्या पट्टीवर आपटतं आणि मासा अंग हलवत पोहतो. जिताड्याला वाटतं, बोय चालली आहे, आणि तो झडप घालतो. निदान घालावी अशी आपली अपेक्षा असते.

जिताडा हा खाडीचा मासा. खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत तो वावरतो. रायगडात त्याचं किती कौतुक आहे, हे अलिबाग-पेणच्या मंडळींना सांगायला नको. त्याची एक गंमत अशी की तो आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फार मोठा जिताडा ही बहुधा अंड्यावरची आई असते. म्हणून मोठा लागला की मी फोटो काढतो आणि सोडून देतो. घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

आता मूळ विषय. लाकडी मासा पोहायचा तर त्याच्या दोन्ही कुशी सारख्या हव्यात. एका बाजूला मिलिमीटरभर लाकूड जास्त राहिलं, तरी तो एका अंगावर कलतो आणि गोल गोल फिरतो. बादलीत सोडून पाहिलं की लगेच कळतं. सुरुवातीला मी सगळं हातानेच करत होतो. करवतीने तुकडा कापायचा, चाकूने तासायचा, कानस मारायची, मग पॉलिशपेपर. एका माशाला दोन संध्याकाळी जायच्या आणि तीनातला एक वाकडा पोहायचा. बोटांची पेरं दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार आहे. तेव्हा ठरवलं, मशीन घ्यायचं.

पहिला खर्च सगळ्यात स्वस्त होता. घरातल्या ड्रिलला घासायची रबरी चकती लावली आणि ड्रिल टेबलाला क्लॅम्पने आवळलं. काम झालं, नाही असं नाही. पण ड्रिल हे भोक पाडायला बनवलेलं असतं, म्हणजे दाब सरळ समोरून यावा या हिशोबाने. आपण घासताना बाजूने रेटतो. दोन महिन्यांत त्याचा चक लडबडायला लागला. आणि एके दिवशी तुकडा चकतीत अडकून उलटा फिरला, माझ्या करंगळीचं नख अर्धं घेऊन गेला. ज्या चकतीपुढे तुकडा टेकवायला टेबल नाही, तिच्यावर छोटी वस्तू धरणं हा वेडेपणा होता. एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात मेंटेनन्स खात्यात काढलेल्या माणसाने तो केला. कारखान्यात मी दुसऱ्यांना ओरडायचो. घरी मला ओरडायला कुणी नव्हतं.

दुसरा खर्च मोबाइलवरून. फोटो झकास, किंमत कमी, खाली लोकांनी दिलेले तारे भरपूर. पार्सल आलं, मशीन सुरू केलं आणि सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “मिक्सर कोण लावतंय?” ती बरोबर बोलली होती. त्यात मिक्सरसारखीच कार्बन ब्रशची मोटर होती. अशी मोटर लहान असते, हलकी असते, फार वेगाने फिरते आणि किंचाळते. शिवाय त्या मशीनच्या बेल्टचं माप असं विचित्र होतं की बरोबर आलेले दोन बेल्ट संपल्यावर तिसरा कुठे मिळेना. मशीन आजही माळ्यावर आहे.

तिसरं मुलीने अमेरिकेहून आणलं. बिचारीने सामानातलं आठ किलो वजन माझ्यासाठी घातलं. मशीन उत्तम. पण ते तिथल्या १२० व्होल्टचं आणि ६० हर्ट्झचं. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेज उतरवायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो मी आणला. हर्ट्झ मात्र ट्रान्सफॉर्मरने बदलत नाहीत. इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, त्यामुळे तिथे मिनिटाला १७२५ फेरे फिरणारी मोटर इथे १४४० च्या आसपास फिरली. वेग कमी झाला ते चाललं असतं, पण तेवढ्याच व्होल्टेजला हर्ट्झ कमी मिळाले की मोटर जास्त करंट खाते आणि तापते. वीस मिनिटांत तिच्यावर हात ठेववेना. तेव्हा ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना माझी विनंती, मोटरवालं काहीही मागवताना आधी पाटीवरचे व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही विचारा.

इथपर्यंत फक्त माझं नुकसान होतं. पुढचं नुकसान दुसऱ्याचं होतं.

ही तिन्ही मशीनं मी माझ्या बाल्कनीत चालवली. दार लावून घ्यायचो, म्हणजे भुसा घरात येत नसे. सौ. खूश, मी खूश. एका रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. भांडायला नाही आल्या. हातात एक ओलं फडकं होतं, त्यांनी खिडकीची चौकट पुसलेलं. ते पिवळसर भुकटीने भरलं होतं. म्हणाल्या, “भाऊ, हे रोजचं आहे. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात, ते जाऊ द्या. पण मामंजींना दमा आहे. काल रात्री त्यांना तीनदा पंप घ्यावा लागला. तुमच्या मशीनमुळेच असं मी म्हणत नाही. पण खोलीत घरघर ऐकू येते आणि ते दचकून उठून बसतात.”

मंडळी, मला उत्तर सुचलं नाही. मशीन निवडताना मी वॅट पाहिले, किंमत पाहिली. माझी फरशी म्हणजे त्यांचं छत, हे पाहिलं नव्हतं. टेबलाचे पाय फरशीवर, फरशीचा थरथराट त्यांच्या डोक्यावर. भुसा माझ्या घरात येत नव्हता, म्हणजे तो कुठेतरी जातच होता. मशीन त्या दिवशी बंद केलं आणि सहा महिने हात लावला नाही.

त्या सहा महिन्यांत मी जरा वाचन केलं. लाकडाची बारीक धूळ ही साधी घाण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. मुख्यतः नाक आणि त्याच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग. हे वर्षानुवर्षं लाकडात काम करणाऱ्यांविषयी आहे, आठवड्यातून दोन तास घासणाऱ्याने त्याने गर्भगळीत व्हायचं कारण नाही. पण दमेकऱ्याला एवढीही धूळ पुरते. सागाची धूळ तर अनेकांच्या नाकाला आणि कातडीला झोंबते. आणि डोळ्यांना दिसतो तो भुसा त्यातल्या त्यात बरा, तो खाली पडतो. दिसत नाही ती धूळ मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते.

आवाजाचंही तसंच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ब्रशच्या मोटरचं मशीन बाल्कनीत चालवून दिवसाची मर्यादासुद्धा पाळता येणं कठीण.

तेव्हा चौथ्यांदा मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा प्रश्नच उलटे लावले. आधी जागा, मग धूळ, मग आवाज आणि शेवटी मशीन.

जागेसाठी मी समितीला अर्ज दिला. आपल्या मागच्या बाजूला जुनी सायकल शेड रिकामी होती. वार्षिक सभेत चर्चा झाली. काही सभासदांनी विरोध केला आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उद्या प्रत्येक जण कारखाना काढेल, असं एक जण म्हणाले. शेवटी अटी ठरल्या. मंगळवार आणि शनिवार, सकाळी अकरा ते एक. परीक्षेच्या दिवसांत बंद. विक्रीसाठी काम नाही. विजेला सब-मीटर, बिल माझं. काम झालं की शेड झाडून, पुसून द्यायची. या अटी मला मान्य होत्या आणि आजही आहेत. त्याबद्दल समितीचे या निमित्ताने जाहीर आभार.

आता मशीन. लक्ष देऊन ऐका, कारण कामाचा भाग हाच आहे.

बाजारात टेबलावर ठेवायचे सँडर मुख्यतः तीन तऱ्हांचे मिळतात. पहिली तऱ्हा नुसत्या चकतीची, म्हणजे डिस्क. दुसरी अरुंद पट्ट्याची. तिचा बेल्ट एक इंच रुंद आणि तीस इंच लांब, मिलिमीटरमध्ये २५ बाय ७६२. तिसरी जोडमशीन. चार इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब बेल्ट आणि बाजूला सहा इंची डिस्क.

पाट्या, चौकटी, मखराचे सरळ तुकडे करणाऱ्याला तिसरी तऱ्हा बरी. सपाट घासायला रुंद बेल्ट, कोपरे काटकोनात आणायला डिस्क. पण ते मशीन जड, जागा खाणारं आणि धूळही त्याच प्रमाणात करणारं.

माझ्यासारखं बारीक, गोलाईचं काम असेल तर एक बाय तीसचा अरुंद बेल्ट. कारण सांगतो. या बेल्टच्या मागे एक पोलादी पट्टी असते, तिच्यासमोर घासलं की सपाट घासतं. त्या पट्टीच्या वरच्या भागात बेल्टला मागून आधार नसतो. तिथे तुकडा टेकवला की बेल्ट किंचित आत दबतो आणि लाकडाला आपोआप गोलाई देतो. माशाची पाठ, पोट, शेपटीकडची निमुळती बाजू हे सगळं त्या सैल भागावर होतं. डिस्कवर हे होत नाही, ती सगळंच चपटं करते.

डिस्कबद्दल एक समजून घ्या. सहा इंची डिस्क मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला अकरा मीटरच्या वर असतो. मध्याशी मात्र जवळपास शून्य. म्हणजे कडेला लाकूड पटकन जातं आणि जळतंही, आतल्या बाजूला हळू घासलं जातं. मोटर २८०० फेऱ्यांची असेल तर हा वेग दुप्पट. बारीक कामाला १४४० वाली बरी. आणि डिस्क ज्या बाजूला खाली जाते त्याच बाजूला तुकडा धरायचा, म्हणजे तो टेबलावर दाबला जातो. दुसऱ्या बाजूला धरला तर उडून तोंडावर येतो.

दुकानात गेल्यावर काय पाहायचं? मी सात गोष्टी पाहतो.

पहिली, मोटर. इंडक्शन आहे का, ते विचारा. ती जड असते, पण तिचा आवाज पंख्यासारखा घूंऽऽ असा, मिक्सरसारखा नव्हे. सोसायटीत राहणाऱ्याने इथेच दोन पैसे जास्त द्यावेत.

दुसरी, ताकद. मऊ लाकडाच्या दहा सेंटिमीटर तुकड्याला अडीचशे ते पावणेचारशे वॅट पुरतात. दुकानदार एक हॉर्सपॉवरकडे ढकलतो, तिकडे जाऊ नका. ३७५ वॅट म्हणजे दोन अँपिअरच्या आतच, घरातला साधा प्लग पुरतो. दोन तास अखंड चालवलं तरी पाऊण युनिट. मात्र पिन तीन हवी आणि अर्थिंग खरंखुरं हवं.

तिसरी, बेल्टचं माप. मशीन घ्यायच्या आधी त्याच दुकानात त्या मापाचे पाच बेल्ट मागा. दिले, तर मशीन घ्या. नाही म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर पडा. माळ्यावरच्या मशीनने मला एवढंच शिकवलं.

चौथी, टेबल. ते पातळ पत्र्याचं नको. टेबल आणि बेल्ट यांच्यामधली फट दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि ती कमी करता यायला हवी. छोटा तुकडा त्या फटीत ओढला गेला की मागोमाग बोट जातं.

पाचवी, बेल्ट मध्यावर ठेवायचा स्क्रू. मशीन सुरू करून तो फिरवून पाहा. बेल्ट सारखा एका बाजूला सरकत असेल आणि सावरत नसेल, तर पुली तिरकी आहे. ते घरी आणून दुरुस्त होत नाही.

सहावी, धुळीचं तोंड. मागे नळी लावायला जागा आहे का आणि आपल्या व्हॅक्यूम क्लिनरची नळी तिथे बसते का? नुसती कापडी पिशवी देतात, ती जाड भुसा अडवते आणि बारीक धूळ चाळून बाहेर सोडते.

सातवी, स्वीच. लाइट जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. तसा स्वीच नसेल, तर लाइट गेली की आधी प्लग काढायची सवय लावा.

मी हे मशीन मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर घेतलं. हार्बर लाइनने वाशीहून सरळ जाता येतं आणि हत्यारांची दुकानं ओळीने आहेत. फायदा असा की हात लावून, चालू करून बघता येतं. मला मशीनला साडेआठ हजार पडले. पण हिशोब तिथे संपवू नका. त्यावर बेल्ट, चांगले मास्क, चष्मा, व्हॅक्यूमची नळी आणि खाली घालायचा जाड रबरी मॅट मिळून आणखी अडीच-तीन हजार गेले. म्हणून मी सांगतो, दहा हजार खिशात असतील तर सात हजारांचं मशीन बघा. सगळे पैसे मशीनवर घालवले की पहिली काटछाट मास्कवर होते.

जुनं मशीन मिळालं तरी वाईट नाही. प्लग काढून पुली हाताने फिरवून बघा. खरखर आली तर बेअरिंग गेलं आहे, ते बदलता येतं. शाफ्ट हलत असेल तर सोडून द्या.

लाकडाबद्दल दोन शब्द. परदेशात लूअर बाल्साचे करतात. मी शिवण वापरतो. हलकं, वेडंवाकडं न होणारं, घासायला गोड. पांगारा त्याहून हलका. सावंतवाडीची लाकडी फळं त्याचीच करत आले आहेत. मी चितारआळीत गेलो होतो तेव्हा मुद्दाम बघत बसलो. मशीन असो नसो, शेवटचा हात तिथे माणसाचाच फिरतो. मीही तेच करतो. मशीनवर फक्त ८० आणि १२० नंबरचे बेल्ट चालवतो, आकारापुरते. पुढचं २४० चं काम पॉलिशपेपरने हाताने. आणि रंगाच्या थरांमधलं घासणं तर वॉटरपेपर पाण्यात भिजवून करतो. त्याची धूळ उडतच नाही, गाळ होऊन भांड्यात बसते. म्हणजे सगळ्यात बारीक, सगळ्यात वाईट धूळ जिथे झाली असती तिथे मशीनच नाही.

दोन्ही कुशी सारख्या करायची युक्तीही सांगून टाकतो. तुकड्यावर पेन्सिलीने मधली रेघ चारी बाजूंनी मारायची. मग एका बाजूला मोजून पाच वेळा बेल्टवरून न्यायचा, उलटा करून पाच वेळा. जोर लावायचा नाही, बेल्टला त्याचं काम करू द्यायचं. पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली की समजायचं, आपण बोलण्यात गुंतलो होतो.

काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. हातमोजे घालून मशीनवर काम नाही, मोजा ओढला जातो आणि हात मागोमाग. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी नाही. त्याच मशीनवर लोखंड घासायचं नाही, ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली की आग. माशाच्या पोटात वजनासाठी शिसं भरतात, ते भरल्यावर मशीनवर घासायचं नाही. शिशाची धूळ पोरांच्या आसपास नकोच. एमडीएफ आणि प्लायवूड घासणंही मी टाळतो, त्यात चिकटवायची रसायनं असतात. आणि रुमाल म्हणजे मास्क नव्हे. एन-९५ घ्या, तोही नाकाशी घट्ट बसणारा.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, की मशीन घेऊ का? माझं उत्तर असतं, आधी दहा मासे हाताने करा. दहापैकी पाचव्यालाच कंटाळलात तर आठ हजार वाचले. दहा झाले, तर कुठे वेळ जातो, कुठे बोटं दुखतात, हे तुम्हाला कळलेलं असेल. तेवढ्याच कामाचं, तेवढंच लहान मशीन घ्या.

आता शेडमध्ये शनिवारी तीन-चार मुलं येतात. त्यांना मशीनला हात लावू देत नाही. ती वॉटरपेपर मारतात, रंगवतात, बादलीत मासे पोहवून बघतात. ‘आजोबा, हा सरळ गेला’ असं ओरडतात तेव्हा बरं वाटतं. त्यातला एक खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा आहे.

त्याचे आजोबा, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर मी मशीन चालवत होतो ते, मागच्या वर्षी गेले. वय झालं होतं. जाण्याआधी काही महिने ते काठी टेकत शेडपर्यंत येऊन, बाहेर खुर्ची टाकून बसायचे. आत येऊ नका, असं मीच सांगायचो. मूळचे ते उरणकडचे, लहानपणी खाडीत पाग टाकलेला माणूस. एकदा मी केलेला मासा हातात घेऊन म्हणाले, “दिसतोय बोयीसारखा, पण डोळा फार मोठा काढलायस.” मी डोळा लहान केला. त्या पावसाळ्यानंतर धरमतरच्या खाडीत त्याच माशावर मला जिताडा लागला. साडेतीन किलोचा असेल. सोडून दिला. घरी येऊन त्यांना फोटो दाखवला, तर म्हणाले, “सोडलास? मग आम्ही खायचं काय?”

तो मासा मी त्यांच्या नातवाला दिला आहे. गळ काढून.

मंगळवार-शनिवार, अकरा ते एक, शेड उघडी असते. कुणाला मशीन घ्यायचं असेल तर आधी येऊन माझं चालवून बघा. आवाज कानाने ऐका, धूळ डोळ्यांनी बघा आणि मग खालच्या मजल्यावर जाऊन एकदा विचारून या.